चिंचोके उचलायला लावणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून आलेल्या, तुमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात फरशीवर ओले पाय उमटवणाऱ्या सात वर्षांच्या पोराची मी आई.

आलो तेव्हा आमच्या घरात पायाच्या दुखण्यापेक्षा फौजेतल्या भरतीचीच चर्चा जास्त होती. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. नातवाचं पाऊल बघून म्हणाले, “पाटागत सपाट हाय की! भरतीत घेणार न्हाईत ह्याला.” माझी काळजी वेगळी होती. संध्याकाळ झाली की पोर पोटऱ्या धरून रडायचं, चपला आतल्या बाजूनं झिजायच्या. त्याआधी एका ठिकाणी दाखवलं, तर पायाला हातही न लावता बुटात घालायचे महागडे सोल लिहून दिले. वर “हे घातले नाहीत तर गुडघे जातील.” त्या रात्री मला झोप नव्हती.

तुम्ही आधी पाऊल हातात घेतलंत. सगळीकडं वळवून पाहिलंत, टाचेमागची शीर आखडलीय का ते बघितलंत. मग ओल्या पायानं उभं केलंत. अख्खा तळवा उमटला, मधे खाच म्हणून नाही. “आता चवड्यांवर,” म्हणालात आणि मला खाली वाकून बघायला लावलंत. टाच उचलली तशी तळव्याखाली कमान आली! ती तिथंच होती, उभं राहिलं की दबत होती. लहानपणी सांधे सैल असतात, बऱ्याच मुलांची कमान दहा वर्षांपर्यंत आपसूक भरत जाते, हे तेव्हा कळलं. पाऊल ताठ असतं, चवड्यांवरही सपाटच राहिलं असतं, तर हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं असतं, हेही सांगितलंत. सोलानं दुखणं कमी होऊ शकतं, कमान तयार होत नाही, हे ऐकून तर मी पर्स घट्ट धरली. आणि मणिपालच्या डॉक्टरांनी 2300 मुलांचे ठसे घेतलेली ती 1992 सालची पाहणी! बूट घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8. तेव्हापासून शाळा सुटली की बूट कोपऱ्यात.

व्यायाम म्हणावेत असे ते वाटलेच नाहीत त्याला. पायाच्या बोटांनी चिंचोके उचलून वाटीत टाकायचे, जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनी ओढायचा, भिंतीला टेकून पोटरी ताणायची. टाचा उचलताना तुम्ही कन्नडमधून मोजलंत, “वंदु, एरडु, मूरु,” म्हणून आता घरीही कन्नडच चालतं, मराठीत मोजलं तर गडी दहावर थांबतो. सगळ्यात अवघड तो बोटं न मुडपता तळवा आखडायचा प्रकार. पंधरा दिवस नुसतं तोंड वाकडं व्हायचं, पाऊल हलायचं नाही. मी करून बघितलं, माझ्याच पायाला गोळा आला.

तीन महिने झाले. मधे भाताच्या सुगीत आठ-दहा दिवस खाडा पडला, खोटं कशाला बोलू? पण पोटऱ्यांचं रडणं थांबलंय. गेल्या रविवारी राजहंसगडावर आमच्या पुढं चढला, एकदाही “उचलून घे” म्हणाला नाही.

सासरे मात्र दर रविवारी त्याला पाय भिजवून पडवीत उभा करतात, चष्मा लावून ठसा बघतात. ठसा अजून रुंदच आहे. ते म्हणतात, आतल्या बाजूला नखाएवढी खाच दिसते. मला काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात त्यांनाही घेऊन येते, तुम्हीच काय ते सांगा.

तुमची,
येळ्ळूरची आई