पांढरे सिंह यायला तयार आहेत, त्यांचं घर अजून अर्धंच आहे, मदत हवीय

सगळ्यांना नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. काल संध्याकाळी आपल्याला सिंह देणाऱ्या प्राणिसंग्रहालयाचं पत्र आलं, दोन्ही पांढरे सिंह तब्येतीनं ठणठणीत आहेत, रक्ताचे रिपोर्ट चांगले आलेत, तुमची तयारी झाली की कळवा. आणि आपली तयारी झालेली नाही. रात्रीच्या खोल्यांवर छप्पर नाही, दुहेरी दरवाज्यातला एकच दरवाजा बसलाय, मागची भिंत छातीइतकी येऊन थांबलीय. पैसे संपले म्हणून गवंडी दुसऱ्या कामावर गेलाय. अध्यक्ष म्हणाले आवाहन आजच लिहा, म्हणून सगळी कामं बाजूला ठेवून बसलेय.

आपला म्हातारा सिंह गेल्यापासून तो मोठा पिंजरा रिकामा आहे हे तुम्हाला माहितीये. 19 वर्षांचा होऊन गेला तो. रानात सिंहाचा नर इतकी वर्षं काढत नाही, तेव्हा आपल्या मंडळींनी त्याला कसं जपलं असेल ते बघा. शेवटी शेवटी मागच्या पायांत जोर नव्हता तर कीपरकाका सांधेदुखीची गोळी मांसाच्या तुकड्यात लपवून हातातल्या लांब चिमट्यानं भरवायचे आणि पावसाळ्यात त्याच्या खाली लाकडी फळ्या टाकायचे, फरशी गार लागू नये म्हणून. तो गेला त्या दिवशी काका जेवले नाहीत. तेव्हापासून गेटवर रोज कोणी ना कोणी विचारतं, सिंह नाही का, आणि नाही म्हटलं की मुलाचा हात धरून परत फिरतं. सिंह बघायला येणाऱ्यांच्या तिकिटावर आपली साळिंदरं, कासवं, पंख मोडून आलेली घुबडं जगतात, हे मी उघड सांगते. पांढरे सिंह लोकांना खेचतील म्हणूनच आपण आणतोय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त जे आणतोय ते नीट सांभाळता आलं पाहिजे.

आणि आपल्याला सांभाळता येतं, हे नुसतं म्हणत नाही मी. माकडं सिमेंटच्या खोक्यात होती ती आज दोरखंडांवर, खऱ्या झाडांवर उड्या मारतायत, ते कोणामुळे? पोस्टातून रिटायर झालेल्या आपल्या काकांमुळे, ज्यांनी फंडातले पैसे आणून टेबलावर ठेवले आणि माझं नाव छापलंत तर परत घेईन म्हणाले, म्हणून आजही छापत नाहीये, पण माकडांच्या पिंजऱ्यासमोरच्या बाकावर रोज सकाळी कोण बसतं ते तुम्हाला माहितीये. कासवांच्या तळ्याची फरशी दोघा भावांनी स्वतः बसवली, मजुरी घेतली नाही, वर कडेला उताराची पायरी करून दिली, कारण कासवांना सरळ कडेवरून चढता येत नाही हे त्यांना न सांगता कळलं. साळिंदरांच्या छपरासाठी शाळेतल्या मुलांनी वर्षभर डब्यात नाणी टाकली, त्यांच्या बाई तो डबा घेऊन आल्या तेव्हा मोजायला आम्हाला अख्खी दुपार लागली आणि त्या दुपारी ऑफिसात कोणीही दुसरं काम केलं नाही. आणि डॉक्टरताई! रात्री दोनला फोन केला तरी येतात, फी विचारली की रागावतात, म्हाताऱ्या सिंहाचा दात काढला तेव्हा चार तास जमिनीवर गुडघे टेकून होत्या. या सगळ्यांचं ऋण मानूनच पुढचं मागणं मागतेय.

आता सिंहांबद्दल, कारण फोन करून लोक हेच विचारतायत. पांढरा सिंह ही वेगळी जात नाही, आफ्रिकेतल्या नेहमीच्या सिंहाचाच हा रंग आहे. अल्बिनोही नाही, अल्बिनो प्राण्याच्या अंगात रंगच तयार होत नाही, यांच्या डोळ्यांत, नाकावर, ओठांवर रंग असतो, डोळे काहींचे निळसर तर काहींचे सोनेरी असतात. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर अभयारण्याला लागून टिंबावाटी म्हणून भाग आहे, तिथल्या लोकांच्या जुन्या कथांमधे पांढरे सिंह होतेच, पण 1975 साली तिथे पांढरे बछडे दिसले आणि नोंद झाली तेव्हा जगाला खात्री पटली. 2013 साली शास्त्रज्ञांनी कारणही शोधलं, टायरोसिनेज नावाच्या एका जनुकात छोटा बदल असतो. तो बदल आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच बछडा पांढरा होतो, एकाकडूनच आला तर दिसायला नेहमीसारखा पिवळसर. म्हणून पिवळ्या जोडीलाही कधी पांढरं पिल्लू होऊ शकतं, आणि म्हणूनच ते इतकं क्वचित होतं.

इथेच तो प्रश्न येतो जो मला आतापर्यंत बहुतेक प्रत्येकानं विचारलाय, नर-मादी जोडी का आणत नाही, पिल्लं झाली तर किती गर्दी होईल. नाही आणणार. दोन भाऊ आणतोय आणि विचार करूनच आणतोय. जगभरच्या पिंजऱ्यांमधले पांढरे सिंह मोजक्याच घराण्यांतून आलेत, नुसत्या रंगासाठी नात्यातल्या नात्यात जोड्या लावत गेलं की पिल्लं दुबळी निपजतात. पांढऱ्या वाघांचं काय झालं ते बघा, 1951 साली रीवाच्या जंगलात मोहन नावाचा बछडा पकडला, पांढरी पिल्लं हवी म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली, आणि पुढे त्या वंशात तिरळे डोळे आणि बाकीची दुखणी घर करून बसली. आपल्याला ते नको. हे दोघे अडीच वर्षांचे आहेत, रानात साधारण याच वयात भाऊ-भाऊ कळपातून बाहेर पडतात आणि पुढे एकत्रच राहतात, म्हणजे दोघांना एकमेकांची सोबतही राहील.

मग काम काय राहिलंय? सगळ्यात आधी रात्रीच्या खोल्या. दोन हव्यात, एक नाही, कारण जेवताना भाऊसुद्धा भांडतात आणि एक आजारी पडला तर वेगळा ठेवावा लागतो. दुहेरी दरवाजा म्हणजे बाहेरचा बंद झाल्याशिवाय आतला उघडत नाही असा, त्याच्याशिवाय मी एकाही कीपरला आत पाऊल टाकू देणार नाही, ठेकेदार म्हणाला सध्या एका दरवाज्यावर भागवा, मी त्याला तिथेच नाही म्हटलं. स्क्वीझ केज, म्हणजे सरकत्या भिंतीचा अरुंद पिंजरा, तो असला की इंजेक्शनसाठी दरवेळी गुंगी द्यावी लागत नाही. जाळीचा वरचा भाग आतल्या बाजूला वाकवून घ्यायचाय, मोठा सिंह उभ्या जागेवरून किती उंच जातो हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. सावली हवी, उंच ओटा हवा, दिवसाचे वीसेक तास ते पडूनच असतात आणि पडल्या पडल्या लांबवर दिसलं पाहिजे त्यांना. खाणं मोठ्या नराला दिवसाला सरासरी सहा-सात किलो, हाडासकट, नुसतं बोनलेस दिलं की कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात. त्यासाठी मोठा फ्रीझर हवाय, आपला जुना दोनदा बंद पडलाय.

आणि मागची भिंत. ती लोकांना सगळ्यात कमी महत्त्वाची वाटते म्हणून मुद्दाम लिहितेय. तिथून भटकी कुत्री आत येतात. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगानं तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह मेले, रोग आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांकडून पोचला असं मानतात. तेव्हा भिंत पूर्ण झालीच पाहिजे, आणि ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी त्याला डिस्टेंपरची लस टोचून घेतली तर तीसुद्धा आमच्यासाठी देणगीच आहे.

एक मनातलं बोलते. दोन वर्षांपूर्वी याच भिंतीसाठी आवाहन केलं होतं. वाचून छान छान म्हणणारे खूप होते, प्रत्यक्ष आलेले 11. एका मोठ्या संस्थेची माणसं येऊन म्हाताऱ्या सिंहासोबत फोटो काढून गेली, भिंतीचा पूर्ण खर्च आमचा म्हणाली, नंतर फोन उचलले नाहीत. त्यांच्या भरवशावर आपण पाया खणून ठेवला आणि तो पाया दोन पावसाळे पाण्यानं भरत राहिला. हे लिहू का नको असा विचार केला, पण लागलं होतं मनाला, म्हणून लिहिलं. यावेळी ज्याला जमेल तेवढंच सांगा, थोडं सांगा, पण जे सांगाल ते द्या.

मदत कशी करायची: देणगी ऑफिसात, सोमवार सोडून रोज सकाळी 10 ते 1, पावती लगेच मिळेल, खातं नंबर नोटीस बोर्डावर आणि पावती पुस्तकाच्या मागे आहे तोच, बदललेला नाही, दुसरा कोणी नंबर पाठवला तर देऊ नका. वस्तू चालतील पण आधी विचारा: सिमेंट, लोखंडी पाईप, चालू स्थितीतला फ्रीझर, जाड दोर, मोठी लाकडी ओंडकी (रंग किंवा वॉर्निश लावलेली नकोत). घरून मांस किंवा उरलंसुरलं कृपा करून आणू नका. वेल्डिंग, गवंडीकाम, प्लंबिंग येणाऱ्यांची एक दिवसाची मजुरीही देणगीत धरू, नाव द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सिंह आल्यावर किमान 30 दिवस क्वारंटाइन, तेव्हा कोणालाही बघता येणार नाही, कमिटीलाही नाही, ओळख काढू नका. हिशोब दर महिन्याला बोर्डावर लागेल.

येत्या रविवारी सकाळी सातला भिंतीच्या कामाला आपली आपण सुरुवात करतोय, गवंडी येवो न येवो. पोस्टातले काका घमेलं घेऊन येतो म्हणालेत, वय बघता त्यांना उचलू द्यायचं नाहीये, तेव्हा तरण्या पोरांनी त्यांच्या आधी पोचा. हातमोजे आपापले आणा, आपल्याकडे चारच जोड्या आहेत.

– सचिव, प्राणिमित्र मंडळ