तिकिटावरचा वाघ बोटाला लागू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पोस्टाच्या तिकिटांच्या छंदावर लेख आला होता. चांगला होता, पण सगळी चर्चा कुठलं तिकीट केवढ्याला गेलं याचीच, छपाईबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे पत्र. मी तीसेक वर्षं फक्त जंगली प्राण्यांची आणि त्यातही एनग्रेव्ह केलेली, म्हणजे पोलादावर कोरून छापलेली तिकिटं जमवतोय.

हे काम कसं चालतं बघा. कोरणारा माणूस पोलादाच्या तुकड्यावर तिकिटाच्याच मापाचं चित्र, तेही उलटं, भिंगाखाली एकेक रेघ करत कोरतो, त्याच्यावरून प्लेट तयार होते, मग शाई त्या रेघांच्या खाचांत भरतात, वरची पुसून घेतात आणि कागद एवढ्या जोरात दाबतात की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून शाई कागदाच्या वर उभी राहते. खिशातली पाचशेची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, तेच ते.

माझ्याकडे टांगानिकाचं (आजच्या टांझानियातला भाग) १९२२ चं जिराफाचं तिकीट आहे, लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सनने छापलेलं. शिक्का बसलेलं आहे, एक कोपरा दुमडलेला आहे, किंमत काही फार नाही. पण भिंगाखाली धरलं की कळतं, जिराफाच्या अंगावरचा एकही ठिपका रंग भरून केलेला नाही, नुसत्या रेघा आहेत, गडद पाहिजे तिथे दाट आणि उजेड पाहिजे तिथे विरळ, आणि मानेच्या गोलाईबरोबर त्या रेघासुद्धा वळतात. हे बघताना अर्धा तास कसा जातो कळत नाही. मिंट, म्हणजे न वापरलेल्या कोऱ्या तिकिटाला बोट लावायचं नसतं, चिमट्यानेच धरायचं, पण वापरलेली साधी तिकिटं मी मुद्दाम मुलांसाठी वेगळी ठेवलीयत. भाचीच्या आठ वर्षांच्या मुलीने या जिराफावरून डोळे मिटून बोट फिरवलं आणि विचारलं, आजोबा, आपला वाघ पण असा आहे का?

कॅनडाचं १८५१ चं तीन पेन्सचं बीव्हरचं (पाण्यात बांध घालणारा केसाळ प्राणी) तिकीट म्हणजे प्राण्याचं चित्र असलेल्या अगदी सुरुवातीच्या तिकिटांपैकी एक, आणि तेही कोरलेलंच. डिझाइन सँडफर्ड फ्लेमिंगचं, ज्याने पुढे जगभर प्रमाणवेळ असावी म्हणून खटपट केली तोच. ज्या प्राण्याच्या कातडीवर तिथला मोठा व्यापार उभा राहिला त्यालाच तिकिटावर बसवलं. ते माझ्या ऐपतीतलं नाही, फोटोच बघितलाय. अमेरिकेचं १९२३ चं तीस सेंटचं बायसनचं (तिथला रानगवा) तिकीट मात्र आहे. चार्ल्स नाइट या चित्रकाराच्या चित्रावरून केलेला हाच बायसन आधी त्यांच्या १९०१ च्या दहा डॉलरच्या नोटेवर होता, तिथून तो तिकिटावर आला. नोट काय आणि तिकीट काय, कोरणाऱ्यांची विद्या एकच. आपल्याकडे आजच्या हिमाचलातल्या सिरमूर संस्थानाने १८९४ मध्ये हत्तीचं तिकीट काढलं होतं, तेसुद्धा कोरलेलं, वॉटरलो कंपनीकडून छापून घेतलेलं.

नव्या संग्राहकांना एक सांगतो, नावाला फसू नका. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला आफ्रिकन हत्तींचा सेट 'एनग्रेव्ह्ड' म्हणून चांगल्या पैशांना विकला, घरी येऊन भिंग लावलं तर बारीक जाळीदार ठिपके, म्हणजे फोटोग्रॅव्हर, फोटोवरून ठिपक्यांनी केलेली छपाई. नाव सारखं वाटतं पण कोरीव रेघ त्यात नसते. सोपी परीक्षा म्हणजे पातळ अॅल्युमिनियम फॉइल तिकिटावर ठेवून खोडरबराने हलकं घासायचं, कोरीव असेल तर रेघा फॉइलवर उमटतात. महागाच्या तिकिटावर हे करू नका.

आता मुख्य मुद्दा. आपल्या पोस्टाने ऑक्टोबर १९६३ मध्ये वन्यजीवांचा पाच तिकिटांचा सुंदर सेट काढला, रानगवा, हिमालयातला पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह, छपाई नाशिकचीच, पण फोटोग्रॅव्हर. त्यानंतरचे आपले जे वाघ-सिंह माझ्या अल्बममध्ये आहेत तेही फोटोग्रॅव्हर नाहीतर ऑफसेट, म्हणजे सपाट प्लेटवरची साधी छपाई, रंग भरपूर, बोटाला काहीच लागत नाही. तिकिटं छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिकरोडला, नोटा छापणारी करन्सी नोट प्रेसही नाशिकरोडलाच, म्हणजे ही कला गावातच आहे, मग एक वाघ का कोरला जात नाही? पट्ट्यांचा प्राणी, रेघेसाठी याच्याइतकं चांगलं दुसरं काय मिळणार? ऑक्टोबरच्या २ ते ८ तारखांना वन्यजीव सप्ताह असतो, ९ ला जागतिक टपाल दिन. त्या आठवड्यात एकच तिकीट, एकाच रंगात, साधं पाच रुपयांचं काढा, महागडा मिनिएचर शीट, म्हणजे संग्राहकांसाठीचा छोटा सजवलेला कागद, नको, म्हणजे शाळेतल्या पोरांनाही घेता येईल.

तुम्ही हे टपाल खात्यापर्यंत पोचवावं ही विनंती. आणि जमलं तर मुलांच्या पानावर एक कोरीव आणि एक ऑफसेट तिकीट शेजारी शेजारी खूप मोठं करून छापा, तिकिटं मी स्वतः तुमच्या ऑफिसात आणून देतो, जिराफासकट.

आपला,
एक जुना वाचक, नाशिकरोड