खूण संस्थेची नको, थांब्याची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातली बस, मेट्रो आणि लोकल एकमेकांना जोडली जायला हवी, असं आपल्या अंकात वरचेवर छापून येतं. त्यात तिकिटाची चर्चा असते, ॲपची असते, मेट्रोपर्यंत नेऊन सोडणाऱ्या फीडर बसची असते. या सगळ्यांना मिळून एकच लोगो असावा याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर 'तो काय, शेवटी बघू' असा सूर असतो. मी चाळीसएक वर्षं पुण्यात बोर्ड रंगवले. दुकानांचे, दवाखान्यांचे, मंडळांचे, निवडणुकीत भिंती. 'पुणेरी पाट्या' म्हणून जे फोटो फिरतात त्यातल्या एक-दोन माझ्या हातच्या आहेत. मजकूर माझा नव्हे, एवढं स्पष्ट करतो. तेव्हा या विषयावर चार ओळी लिहायला हरकत नसावी.

स्वारगेटला एकदा नुसतं उभं राहून बघा. एकीकडे एसटीचं स्थानक, एकीकडे पीएमपी या शहर बससेवेचं, आणि २०२४च्या सप्टेंबरअखेरीपासून जमिनीखाली मेट्रो. तिन्ही चालण्याच्या अंतरावर. पण तिन्हींची चिन्हं वेगळी, अक्षरांची वळणं वेगळी, बाणांचे आकारसुद्धा वेगळे. माझे साडू बार्शीचे. मागे आले तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "ही सगळी सरकारचीच पोरं ना? मग आडनावं वेगळी कशी?" मी हसलो, पण उत्तर सुचलं नाही.

आडनावांचा घोळ आपल्याकडे जुना आहे. पुण्याची बससेवा पीएमटी १९५० सालची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ची. २००७मध्ये दोघींचं लग्न लागलं आणि पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड हे नाव आलं. त्याचं लघुरूप पीएमपीएमएल. हे नाव घाईत उच्चारून दाखवावं! तुम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी 'पीएमपी' करून सुटका करून घेतली, आणि आमच्या पेठेतली निम्मी माणसं अजून "पीएमटीनं आलो" असंच सांगतात. म्हणजे नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी माणसाच्या डोक्यातला बोर्ड बदललेला नाही. हे प्रशासनाचं अपयश आहे असं मी म्हणणार नाही. नाव डोक्यात राहतं ते छोटं असलं आणि वर्षानुवर्षं एकाच जागी दिसलं तर, एवढंच यातून दिसतं.

त्यानंतर जी योजना आली ती आपलं बारसं करूनच आली. २०१५ला रेनबो बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेला रस्ता. बायकांसाठी तेजस्विनी. पेठांमध्ये दहा रुपयांत फिरवणारी पुण्यदशम. प्रत्येकीला वेगळं नाव नि वेगळं रूप. मेट्रोच्या दोन मार्गिका पर्पल आणि ॲक्वा. आमच्या गल्लीत ॲक्वा म्हणजे नेमका कोणता रंग हे विचारून बघा. लोक 'वनाझची मेट्रो' आणि 'स्वारगेटची मेट्रो' म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. नगर रस्त्यावरची बीआरटी तर बरीचशी उखडलीही. योजना जाते, बोर्ड गंजत राहतो. रंगाऱ्याला काम मिळतं म्हणून मी तक्रार करू नये खरं तर.

या सगळ्यात चूक कुठे होते? चिन्ह संस्थेच्या बाजूनं ठरवलं जातं. ही गाडी कुणाची, हा फलाट कुणाचा, खर्च कुणाच्या खात्यातून. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला हवं असतं ते वेगळंच: इथून मला पुढे जायला काही मिळेल का? म्हणून खूण हवी ती जागेची. थांब्याच्या खांबावर, मेट्रोच्या दारावर, लोकलच्या स्टेशनबाहेर. गाडीवर ती नंतर आली तरी चालेल.

लंडनचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. तिथला तो वर्तुळ आणि आडवी पट्टी असलेला लोगो पहिल्यांदा १९०८मध्ये लागला तो स्टेशनच्या फलाटावर. तेव्हा तो भरीव लाल गोल होता आणि त्यावर निळी पट्टी. कारण साधं होतं. फलाटाच्या भिंती जाहिरातींनी भरलेल्या असायच्या आणि गाडीतल्या माणसाला स्टेशनचं नावच सापडत नसे. पुढे तिथल्या भुयारी रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक यांनी एडवर्ड जॉन्स्टन या अक्षरकाराकडून १९१६च्या सुमारास खास अक्षरं करून घेतली, आणि जॉन्स्टननीच त्या भरीव गोलाचं कडं केलं. आज तिथे बसला लाल कडं आहे, ओव्हरग्राउंड या जमिनीवरच्या रेल्वेला केशरी, डॉकलंड्सच्या रेल्वेला हिरवट निळं. आकार तोच, रंग ज्याचा त्याचा. बस बसच राहते, रेल्वे रेल्वेच, तरी लांबून दोघी एका घरच्या वाटतात.

जर्मनीत वेगळाच मार्ग धरला. तिथे हिरव्या गोलात 'एस' दिसला की उपनगरी रेल्वे, निळ्या चौकोनात 'यू' दिसला की भुयारी, आणि पिवळ्या-हिरव्या गोलात 'एच' दिसला की बसचा किंवा ट्रामचा थांबा. बर्लिनला जा नाहीतर म्युनिकला, कंपनी वेगळी, खूण तीच. ही खूण कंपनीचं नाव सांगतच नाही. तिथे काय मिळतं ते सांगते. मला स्वतःला हे जास्त पटतं. पण आपल्याकडे 'थांबा' म्हणून 'थ' लिहायचा विचार कुणाच्या मनात आलाच, तर आधीच सांगून ठेवतो: धूळ बसली, थोडा रंग उडाला की लांबून 'थ' आणि 'य' सारखेच. 'प' चालेल असं वाटतं, पण मधे एक ओरखडा गेला की त्याचा 'ष' होतो. 'पु' केला तर खालचा उकार दहा पावलांवरच भरून जातो. देवनागरी माझी आवडती, तिनं माझं घर चालवलं, पण ओळीवरून लटकणारी, वर-खाली मात्रा-उकार लावणारी ही लिपी दुरून ओळखायच्या खुणेला जरा अवघडच. शिवाय या शहरात बिहारचा मिस्त्री आहे, केरळची नर्स आहे, मणिपूरचा विद्यार्थी आहे. म्हणून खूण निव्वळ आकाराची असावी, आणि तिच्याखाली थांब्याचं नाव मात्र ठसठशीत मराठीत.

आता आकार कुठला? समिती बसली की काय होणार याचा मला अंदाज आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, पुढे पगडी, मागे सिंहगड, खालून मुठा वाहते आहे आणि कोपऱ्यात हिरवं पान, कारण पर्यावरण. कृपा करून हे करू नका. डेक्कन आणि संभाजी उद्यान या मेट्रो स्थानकांना पगडीच्या वळणाची छपरं आहेत, तेवढी हौस पुरे. छपरावर पगडी शोभते. चार इंचांत ती पालथी वाटी दिसते. आमच्या धंद्यात जुना हिशोब आहे: दहा फुटांमागे एक इंच अक्षर. रस्त्याच्या पलीकडून साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. खांबावरची पाटी असते केवढी? तिच्यात खूण बसवायची, नाव बसवायचं, मार्गांचे आकडेही बसवायचे. म्हणजे दोनच रंग, जाड रेघ, एकही नक्षी नाही. एसटीचं बघा. लाल गाडी घाटात दोन वळणं पलीकडे दिसली तरी माणूस पिशवी उचलतो. नाव कुणी वाचत बसत नाही.

मँचेस्टरचं अलीकडचं उदाहरण मात्र नीट वाचण्यासारखं आहे. १९८६पासून तिथल्या बसवर खासगी कंपन्यांचं राज्य होतं; ज्याचा त्याचा रंग, ज्याचं त्याचं तिकीट. सप्टेंबर २०२३पासून टप्प्याटप्प्यानं बस पुन्हा तिथल्या प्राधिकरणाच्या हाती आल्या आणि बस-ट्राम दोन्हींवर एकच पिवळा-काळा रंग नि मधमाशीची खूण आली. मधमाशी हे त्या शहराचं गिरणीकाळापासूनचं चिन्ह. पण बसवर पिवळा रंग आला तो मार्ग आणि भाडं ठरवायचा अधिकार हातात आल्यावर. आधी रंग नि मग बघू, असं झालं नाही.

इथे आपली गाडी अडते. वेगवेगळ्या वाहतूक संस्थांना एकत्र बसवणारं प्राधिकरण असावं हे २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात आहे, आणि २०१७च्या मेट्रो धोरणात तर ते सक्तीचंच केलं आहे. आपल्याकडे त्याला पुम्टा म्हणतात. (पुन्हा नाव!) रस्त्यावर मात्र त्याची एकही पाटी मी पाहिलेली नाही. आणि गुंता वाढतोच आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तेवीस स्थानकांची मेट्रो बाकीच्या दोन मार्गिका चालवणाऱ्या महामेट्रोची नाही. ती पीएमआरडीएनं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, खासगी भागीदारीतून बांधायला घेतलेली. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकाशी ती बाकीच्या दोन मार्गिकांना मिळते. प्रवाशानं जिना बदलला की मालक बदलतो. तो बदलला हे त्याला कशाला कळायला हवं? चालवणाऱ्या कंपनीला आपलं नाव हवंच असेल, तर रिक्षाच्या मागे कर्ज देणाऱ्या बँकेचं असतं तेवढं घालावं. माझी त्याला हरकत नाही.

शिवाजीनगरचीच आणखी एक गंमत. रेल्वे स्टेशन शिवाजीनगर, मेट्रो स्थानक शिवाजीनगर, आणि शिवाजीनगरचं म्हणून ओळखलं जाणारं एसटी स्थानक २०१९ संपता संपता मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला गेलं. बाहेरगावच्या माणसाला हे तोंडी समजावून सांगणं म्हणजे नातं समजावून सांगण्यासारखं आहे: चुलत की मावस? तिथे एक सामायिक खूण, तिच्यासोबत बाण आणि चालायला किती मिनिटं एवढं लिहिलं तर निम्मे प्रश्न रिक्षावाल्यापर्यंत पोचणारच नाहीत. रिक्षावाल्यांनी मला माफ करावं.

"लोगोनं बस येते का?" असं आमच्या कट्ट्यावर एकानं विचारलं. नाही येत. अर्धा तास थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला नवीन लोगो दाखवलात तर तो दगड मारेल, आणि मी त्याच्या बाजूनं साक्ष देईन. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही खूण शहरभर एकदम फासू नये. ज्या खांबाखाली नकाशा आहे, पुढे कुठली बस येणार हे कळतं, मेट्रोचं जवळचं दार कुठलं ते लिहिलेलं आहे, आणि बस किंवा मेट्रो कशाचीही तक्रार एकाच फोन नंबरवर घेतली जाते, त्याच खांबाला ती मिळावी. आयएसआयच्या शिक्क्यासारखी. एकच कार्ड दोन्हीकडे खटक्यात चाललं तर उत्तमच. मेट्रोचं वन पुणे कार्ड ज्या राष्ट्रीय सामायिक कार्डाच्या जातीचं आहे ते मुळात त्यासाठीच काढलंय. वर्षभरात शंभरच खांब पात्र ठरले तर शंभरच रंगवा. उरलेल्या खांबांखालची माणसं आपापल्या नगरसेवकाला विचारतील, आमच्या थांब्याला का नाही म्हणून. विचारू देत.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्या बस एकदम रंगवायची गरजच नाही. जुनी गाडी भंगारात जाते, नवीन येते, ती खूण घेऊनच यावी. खर्च खरा होतो तो पाट्या स्वच्छ ठेवण्यावर. आजचा थांब्याचा खांब म्हणजे भाडेकरू हवा, क्लास लावा, पाइल्सवर हमखास उपाय, आणि त्यावर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पंधरा दिवसांनी कुणी पाणी नि फडकं घेऊन फिरणार नसेल तर जगातल्या उत्तम चित्रकाराची खूण आणली तरी ती दादांच्या मिशीमागेच राहणार.

एक शेवटची विनंती. ऑनलाइन स्पर्धा घेऊन संगणकाच्या पडद्यावर लोगो निवडू नका. पडद्यावर सगळंच छान दिसतं. जी पाच-सहा चित्रं पसंत पडतील ती पत्र्यावर रंगवून लक्ष्मी रस्त्यावर, कर्वे रस्त्यावर, नाशिक फाट्यावर महिनाभर टांगा. जुलैमध्ये टांगा, पाऊस असताना. संध्याकाळी सात वाजता, समोरून गाड्यांचे दिवे डोळ्यांत येत असताना, चष्मा विसरलेल्या माणसाला रस्त्याच्या पलीकडे उभं करून विचारा काय दिसतं.

तो चष्मा विसरलेला माणूस म्हणून मी यायला तयार आहे. पत्रे रंगवूनही देईन, मजुरी नको. शिडी मात्र आता कुणीतरी धरावी लागेल.

आपला,
एक निवृत्त पेंटर
शुक्रवार पेठ, पुणे