तारीख ठरली आहे

प्रिय आई, बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं. एकदा बाबांची रंकाळ्यावर फिरायला जायची वेळ झाली होती, बाकी दोनदा माझाच धीर सुटला. म्हणून लिहितेय.

मला कॅन्सर झालेला नाही. आई, हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढं जा.

आत्याच्या छातीच्या कॅन्सरचं मनात होतंच, म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी केली. बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला. असा दोष असलेल्या १०० बायकांपैकी ६० हून जास्त जणींना कधी ना कधी स्तनाचा कॅन्सर होतो. म्हणून मी दोन्ही स्तन काढून टाकायचं ऑपरेशन करून घेतेय. तारीख ठरली आहे. नोव्हेंबरातल्या किरणोत्सवानंतरचा आठवडा घेतलाय, आईचं अंबाबाईचं दर्शन चुकायला नको. दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करत राहायचा मार्गही होता. चार महिने त्यावरच विचार केला. पण तपासणीनं गाठ लवकर सापडते, ती होणं टळत नाही. ऑपरेशननं धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. धाकटीचं दूध सुटूनही पाच वर्षं झाली. हे म्हणाले, "तू ठरव, मी रजा टाकतो."

बाबा, आता तुमच्याशी. हा दोष बहुतेक तुमच्याकडून आलाय. छातीचं दुखणं आईच्याच माहेरकडून येतं असं सगळे धरून चालतात, पण हे जनुक बापाकडूनही तितकंच येतं. यावरून रात्री जागत बसायचं नाही. आत्या १९९३ मध्ये गेली, हे जनुक सापडलं १९९५ मध्ये. कुणाला कळणार होतं? तुम्ही अजून म्हणता, तिला दोन महिने आधी मुंबईला न्यायला हवं होतं. पण गाठ दुखत नव्हती म्हणून ती कुणापाशी बोललीच नव्हती, बाबा. आज अशा जनुकामुळं झालेल्या कॅन्सरवर ओलापॅरिब नावाची गोळी आहे. तेव्हा नव्हती.

तुम्ही मला खांद्यावर बसवून गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला न्यायचा. माझ्या ओठावर फेसाची मिशी उमटायची. घरी आलं की आत्या ती पदरानं पुसायची. काल रिपोर्ट हातात घेऊन बसले होते, तेव्हा तेच आठवत होतं.

आता ऐका. बाबा, तुमचं रक्त द्यायचंच आहे. या दोषानं पुरुषांनाही प्रोस्टेटचा, क्वचित छातीचाही कॅन्सर होतो, तेव्हा पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणीही त्यातच. आई, तू साठी ओलांडलीस, जनुक तुझ्याकडचं नसलं तरी तपासणी टाळू नकोस. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं वीस वर्षं पाहिलंय, शिकवलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं तरी पन्नाशीपुढच्या बायकांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. लाजायचं नाही, आत्या लाजलीच होती.

ऑपरेशनच्या दिवशी येऊ नका, दोन दिवसांनी या. खोली तळमजल्यावर आहे, आईच्या गुडघ्यांना जिना नाही. कमोड आहे, स्वयंपाकाला मावशी आहेत, बाबांना सकाळी सहाला चहा मिळेल. कांदा-लसूण चटणी तेवढी आण, इथली मला गोड लागते.

शनिवारी सकाळी सातला रक्त न्यायला घरी माणूस येईल. बाबा, उपाशी राहायची गरज नाही, चहा घेऊनच बसा.

तुमची,
बाळी