सॉफ्टवेअर काढले, पण त्याची फाईल हलेना

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर काढल्यावरही मागे राहिलेली, डिलीट न होणारी फाईल

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, काढायला आपले सॉफ्टवेअर चार वर्षे वापरले. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनाबरोबर दुसऱ्या कंपनीचे घेतले आणि आपले रीतसर अनइन्स्टॉल केले. पडद्यावर 'यशस्वीरीत्या काढले' असे आले. माझी तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे. ती खोटी आहे.

फेब्रुवारीत, ऐन सौद्यांच्या दिवसांत, सी ड्राइव्ह भरून लाल झाला. शोधले तर आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ११ जीबीची एकच लॉग फाईल, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या कामाच्या नोंदी लिहीत जातो ती. डिलीट दाबले की उत्तर ठरलेले : फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. कुठल्या? जो मी तीन महिन्यांपूर्वी काढला, त्याच! समोर शेतकरी पैशासाठी उभा, नव्या सॉफ्टवेअरला पट्टी सेव्ह करायला जागा नाही. हमाली, तोलाई वजा करून त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या हाताने लिहिल्या. वडिलांच्या वेळची सवय होती म्हणून निभावले.

आपल्या मदत केंद्राला चार फोन केले. तीनदा 'रिस्टार्ट करा' आणि चौथ्यांदा 'फॉरमॅट मारून घ्या.' ११ जीबीसाठी अख्ख्या दुकानाचा हिशेब पुसायचा? उंदीर निघाला म्हणून कोणी गोदाम पाडत नाही.

शेवटी इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या रविवारी येऊन बसला. फाईल फुकटात उडवून देणारे कुठलेतरी सॉफ्टवेअर टाकायला मी त्याला आधीच मनाई केली होती. एक काढताना ही गत, वर दुसरे कशाला! त्याने विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडला, कुठला प्रोग्रॅम काय धरून बसलाय ते दाखवणारा; सीपीयूच्या टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या खिडकीत फाईलचे नाव टाकले. चोर लगेच सापडला : आपली एक सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, अजून जिवंत. आपल्या अनइन्स्टॉलरने प्रोग्रॅम नेला, सर्व्हिस ठेवली. ती 'ऑटोमॅटिक' असल्याने आम्ही पासवर्ड टाकायच्या आतच फाईल धरून बसायची, म्हणून रिस्टार्टचा उपयोग शून्य. टास्क मॅनेजरमधून बंद केली तर मिनिटात पुन्हा उभी, कारण बंद पडल्यास आपोआप सुरू व्हावे अशी सोय आपणच केलेली. फाईलच्या शेवटच्या ओळी वाचल्या. 'डेटाबेस सापडला नाही', 'डेटाबेस सापडला नाही', खालपर्यंत तेच. डेटाबेस काढला आपणच आणि तो हरवल्याची बोंब माझ्या डिस्कवर!

पुतण्याने सर्व्हिस 'डिसेबल्ड' करून संगणक पुन्हा सुरू केला. तरी परवानगी नाही. फाईलची मालकी 'सिस्टम'कडे. प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीत जाऊन मालकी आमच्या नावावर केली, पूर्ण परवानगी दिली, तेव्हा कुठे फाईल गेली. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्व्हिसही कायमची काढली.

आमच्या हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद वर्षानुवर्षे साठवत, पण मालक म्हणेल तेव्हा पेव उघडत. इथे संगणक माझा, आणि उघडायची परवानगी आपली.

माझे काम झाले, तरी पत्र लिहितो आहे. यार्डात आपले सॉफ्टवेअर वापरणारे आणखी आहेत आणि प्रत्येकाच्या घरी असा पुतण्या नाही. अनइन्स्टॉलर दुरुस्त करा, सर्व्हिस आणि लॉग दोन्ही काढणारा. तोवर वर लिहिलेली रीत मदत केंद्रातल्या मुलांना मराठीत लिहून द्या. मुदतवाढीचे २,४०० रुपये सप्टेंबरमध्ये भरले होते. न वापरलेल्या महिन्यांचे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, हे विचारून ठेवले आहे.

पडद्याचे फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक हळद अडत्या
मार्केट यार्ड, सांगली