हाय-लोचा लिव्हर अजून जामच : तीन वेळा सर्व्हिस, गिअरबॉक्स एकदाही उघडला नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसले. जॉबकार्डं तीन आहेत, ती तुमच्याकडे दिसतील. 50 एचपीचा ट्रॅक्टर, मीटरवर 310 तास, वॉरंटीत. चारही गिअर अलगद पडतात. हाय-लोचा लिव्हर, म्हणजे गिअरची जलद-संथ रेंज बदलणारा वेगळा दांडा, मात्र दोन्ही हातांनी ओढावा लागतो, तोही ट्रॅक्टर पूर्ण थांबवून आणि क्लच तळापर्यंत दाबून.

शोरूमवाल्यांनी पहिल्यांदा क्लचचा प्ले, म्हणजे पेडलचा ढिलेपणा, काढला. दुसऱ्यांदा पुन्हा क्लचचाच. तिसऱ्यांदा ग्रीस मारलं आणि "वापरून मोकळा होईल" म्हणून परत पाठवलं. इंजिन बंद ठेवून लोमधून न्यूट्रलला आणतानाही तो तेवढाच जड आहे. तिथं क्लचचा काय संबंध? दात बसायचेही नाहीत, नुसते सुटायचे आहेत. म्हणजे दोष बाहेर लिव्हरच्या जोडदांड्यांत, लिंकेजमध्ये असेल, नाहीतर आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर. ट्रॅक्टर तुम्ही बनवलाय, हे मी सांगायला हवं का?

आता आजचा फोन. सगळं ऐकून तुमचा माणूस म्हणाला, "ताई, मालकांना फोन द्या ना." म्हटलं, आरसी बुक माझ्या नावावर आहे, हप्ते मी भरते, मालक मीच. जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "बाईमाणसाच्या हाताला जड लागणारच. घरातल्या कुणाला तरी टाकायला सांगा." मागं कुणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ट्रॅक्टर मी चालवते. आधीच्या जुन्या ट्रॅक्टरचा हाय-लो एका हातानं पडायचा. आणि या ट्रॅक्टरचा लिव्हर तुमच्याच मेकॅनिकनं, चांगल्या दांडग्या गड्यानं, शेवटी बुटानं ढकलून लोमध्ये घातला होता. हे सांगितलं, तर त्यानं फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात ओढ्याच्या चढावर थांबून लो टाकायला गेले, लिव्हर मध्येच अडकला. ना लो, ना हाय. मागं उसानं भरलेली ट्रॉली. सगळा भार ब्रेकवर. पुतण्यानं चाकांना दगड लावले म्हणून आज हे पत्र लिहितेय. तेव्हापासून भरलेली ट्रॉली मी चढावर नेलेली नाही, ऊस भाड्याच्या ट्रॅक्टरनं कारखान्यावर जातोय. माझा ट्रॅक्टर शोरूमला तीन वेळा नेला, तीनही वेळा त्यांनी गिअरबॉक्सचं कव्हर न उघडता परत दिला.

आठ दिवसांत कंपनीचा इंजिनिअर शेतावर पाठवा आणि कव्हर माझ्यासमोर उघडून दुरुस्त करा. नाहीतर जॉबकार्डं, भाड्याच्या पावत्या आणि आजच्या कॉलची वेळ घेऊन मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. फोनवर जे बोलला, त्याची लेखी माफीही हवी. सासऱ्यांपासून आमच्या घरात तुमच्याच कंपनीचे ट्रॅक्टर आहेत, म्हणून जास्त लागलं.

ट्रॅक्टरमालक,
ता. वाळवा, जि. सांगली