दुभाषा गोन्सालो

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, मीटिंगमध्ये दोन्हीकडच्या साहेबांची जुंपली आणि बोलणी मात्र मधल्या दुभाषाला बसली. मी नुसतं 'हं' केलं, कारण वाडीत पाणी चालू होतं आणि बांध फोडायचा होता. पण रात्री डोळा लागेना. आपल्या वसईचा एक मुलगा सव्वाचारशे वर्षांपूर्वी तुझ्याच त्या जपानात हेच दुभाषाचं काम करत होता.

संत गोन्सालो गार्सिया तुला काही नवा नाही. गासचं चर्च त्याच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं. दर फेब्रुवारीत किल्ल्यातल्या मिस्सेला तुला खांद्यावर घेऊन गेलोय मी. पण प्रवचनात येतो तो क्रूसावरचा गोन्सालो. दुभाषा गोन्सालोबद्दल कुणी फारसं बोलत नाही. (संत असला तरी मी त्याला 'अरे-तुरे'च करतो. गाववाला आहे.)

1556 च्या सुमाराचा त्याचा जन्म. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेजुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या फादरांकडे शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. भाषा अशी उचलली की लोक त्याचं बोलणं आवडीने ऐकत. सात-आठ वर्षं फादरांची कामं केली, आणि 'मला तुमच्या संघात घ्या' म्हणाला तेव्हा घेतलं नाही. ज्यांच्यासाठी राबलो त्यांनीच दार लावलं की कसं वाटतं, हे तुला गेल्या वर्षी कळलंय, मी त्यावर जास्त लिहीत नाही. तो चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावकडे जाऊन व्यापाराला लागला. धंदा बरा चालला. पण मन तिथे नव्हतं. पुढे फिलिपिन्समधल्या मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाने त्याला ब्रदर म्हणून घेतलं. फादर तो कधीच झाला नाही.

1593 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे राजदूत म्हणून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला गेले, आणि मध्ये बोलायला हा. भेट झाली नागोयाला. तुझं नागोया नव्हे हं. हे क्यूशू बेटावरचं, कोरियावरच्या स्वारीसाठी हिदेयोशीने समुद्राकाठी बांधलेला किल्ला. आता तिथेही आपल्या किल्ल्यासारख्या पडक्या भिंतीच उरल्यात. हिदेयोशीचं म्हणणं, फिलिपिन्सने माझं मांडलिक व्हावं. असं वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायचं आणि त्याचं उत्तर पुन्हा जपानीत त्याच्या तोंडावर. तुझ्या साहेबांचं भांडण त्यापुढे कुठेच नाही.

एक गोष्ट आपल्याकडे सहसा सांगत नाहीत. 1587 मध्येच हिदेयोशीने धर्मप्रसारकांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. जेजुइट जपून वागत होते. फ्रान्सिस्कनांनी मात्र क्योतोत उघड चर्च बांधलं, महारोग्यांसाठी इस्पितळ काढलं. इस्पितळासाठी त्यांच्यापुढे हात जोडावेत. बाकी धाडसात थोडं भाबडेपण होतं, असं मला वाटतं. 1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला फुटलं, त्यावरचा माल जप्त झाला, आणि त्या गडबडीत 'आधी पाद्री पाठवतो, मग सैन्य' अशी फुशारकी जहाजावरच्या कुणीतरी मारली म्हणतात. खरंखोटं यावर अभ्यासक अजून भांडतात. हिदेयोशीचं डोकं फिरलं एवढं खरं.

3 जानेवारी 1597. क्योतोत पकडलेल्या चोवीस ख्रिस्ती जणांच्या, त्यात गोन्सालोही होता, डाव्या कानाची पाळी कापली. हुकूम नाक-कान कापायचा होता, तेवढ्यावर भागलं. मग गाड्यांत बसवून गावभर धिंड. तिथून नागासाकी, सुमारे 800 किलोमीटर, ऐन थंडीत. वाटेत आणखी दोघे धरले गेले, सव्वीस झाले. त्यात वीस जपानीच होते, सर्वांत धाकटा लुईस बारा वर्षांचा. तुझा भाऊ बारा वर्षांचा असताना मी त्याला एकट्याला स्टेशनवर पाठवत नव्हतो. 5 फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. 1862 साली पोप पायस नववे यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

सुट्टीत तू नागासाकीला जाणार आहेस ना? त्या टेकडीवर 1962 पासून सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे आहेत, एका रांगेत. आपला कुठला ते शोध. सापडला की जरा उभी राहा. घरच्या ग्रुपवर फोटो टाक, नाही टाकलास तरी चालेल, पण आईला फोन कर.

पार्सलात सुकेळी पाठवलीत, राजेळी केळ्यांची. या वर्षी ऊन बरं मिळालं. थंडीने कडक झाली तर तव्यावर तूप टाकून जरा परत. दोन पुड्या ऑफिसात वाट, त्या भांडणाऱ्या साहेबांनाही दे. आणि सुकेळीला जपानीत काय सांगितलंस ते कळव.

तुझा,
पप्पा